पुढचा तणावा आणि गुंडाळीचे शीड

शिडाच्या होडीची डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी असते, असा सर्वसाधारण समज आहे. आजच्या लहान होड्यांच्या बाबतीत तो खरा नाही. अशा होडीची डोलकाठी ॲल्युमिनियमची, पोकळ आणि सडपातळ असते. पुष्कळदा ती होडीच्या तळात रोवलेली नसते. डेकवरील एका बिजागरीवर नुसती टेकवलेली असते. तिला उभी ठेवतात त्या तिच्या भोवतीच्या तारा. तंबूच्या खांबाला जसे तणावे बांधतात तसेच हे डोलकाठीचे तणावे होत. दोन्ही अंगांना बाजूचे तणावे, मागे होडीच्या पिछाडीकडे जाणारा मागचा तणावा, आणि शेंड्यापासून नाळेपर्यंत उतरणारा पुढचा तणावा. या शेवटच्या तारेला दर्यावर्दी लोक फोरस्टे म्हणतात.

पुढचा तणावा सर्वच शिडाच्या जहाजांना असतो असे मात्र नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील, किंबहुना एकंदर अरबी समुद्रातील जुन्या गलबतांचे तिकोनी शीड एका लांब तिरक्या काठीला बांधलेले असे. वाऱ्याची बाजू बदलली की ही काठी शिडासह डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागे. नाळेपासून शेंड्यापर्यंत कायमची तार असती तर हा फिरवा शक्यच झाला नसता. म्हणून त्या गलबतांची डोलकाठी जाड व किंचित पुढे झुकलेली असे, आणि तिला आधार देणारे दोर वाऱ्याच्या बाजूला हलवून बांधीत. युरोप-अमेरिकेत रूढ झालेल्या स्लूप जातीच्या होडीची मांडणी वेगळी आहे. तिच्यात एक शीड डोलकाठीच्या मागे असते आणि दुसरे पुढे. हे दुसरे शीड पुढच्या तणाव्यावरच चढते. त्यामुळे ही एक तार दोन कामे करते. ती डोलकाठीला मागे कोसळू देत नाही, आणि पुढच्या शिडाच्या अग्रकडेला सरळ धरून ठेवते.

गुंडाळीचे शीड आले तेव्हा या तारेकडे तिसरे काम आले. ती आता शिडाच्या गुंडाळीचा आसही झाली. तार स्थिर, आणि तिच्याभोवती सारे काही फिरते. गुंडाळीची जोडणी करणाऱ्याने हे एकच तत्त्व पक्के ध्यानात ठेवावे: जे स्थिर राहावयाचे ते स्थिर राहिले पाहिजे आणि जे फिरावयाचे ते मोकळेपणाने फिरले पाहिजे. या दोहोंमधील सीमा जेथे पुसली जाते तेथे तार पिळली जाते, आणि पिळलेली तार एके दिवशी तुटते.

गुंडाळीची गरज

जुन्या पद्धतीत पुढच्या शिडाच्या कडेला ठरावीक अंतरावर आकडे शिवलेले असतात. हे आकडे एकेक करून तणाव्यावर अडकवायचे आणि मग दोराने शीड वर चढवायचे. ही पद्धत साधी आणि विश्वासाची आहे. तिचा दोष वारा वाढल्यावर कळतो. शीड उतरवण्यासाठी किंवा त्याच्या जागी लहान शीड चढवण्यासाठी कोणा एकाला नाळेवर जावेच लागते, आणि लाटांत होडीचा सर्वांत अधिक वरखाली होणारा भाग नेमका तोच असतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १० सागरी मैलांचा वारा २० वर गेला की शिडावरील जोर दुप्पट न होता चौपट होतो. म्हणजे शीड आवरण्याची निकड जेव्हा सर्वाधिक, तेव्हाच ते आवरणे सर्वांत धोक्याचे.

होडीच्या मागच्या भागात सुरक्षित बसून केवळ एक दोर ओढून शीड गुंडाळता यावे, ही कल्पना म्हणूनच निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये वायकेम-मार्टिन या नावाने ओळखली जाणारी रचना प्रचारात आली. तिच्यात शीड स्वतःच्याच कडेत शिवलेल्या तारेभोवती गुंडाळले जाई. खाली एक रीळ आणि वर एक भोवरकडी एवढीच तिची सामग्री. परंतु नुसती तार वरपासून खालपर्यंत एकसारखी फिरत नाही, मध्ये पीळ खाते. त्यामुळे अशा रचनेत शीड पुरते उघडावे किंवा पुरते मिटावे लागे; अर्धे गुंडाळून वापरणे साधत नसे. १९७०च्या दशकापासून तणाव्यावर ॲल्युमिनियमची खोबणीदार नळी चढवण्याची पद्धत वाढत गेली. नळी पीळ खात नाही, त्यामुळे शीड हवे तेवढेच उघडे ठेवता येऊ लागले. आज लहान होड्यांवर सर्वत्र दिसते ती ही नळीची रचना.

रचना आणि तिच्या तीन सीमा

या रचनेचे भाग थोडेच आहेत. सर्वांत आत पोलादी तणावा. त्याच्यावर तुकड्यातुकड्यांनी जोडलेली नळी. तिच्या अंगात वरपासून खालपर्यंत एक वा दोन खोबणी. शिडाच्या अग्रकडेला शिवलेली जाड गोटदार फीत या खोबणीतून वर सरकते. नळीच्या पायथ्याशी रीळ असते आणि त्यावर गुंडाळदोर लपेटलेला असतो. दोर ओढला की रीळ फिरते, रिळासोबत नळी फिरते आणि नळीवर शीड लपेटले जाते. शिडाच्या मागच्या कोपऱ्याला बांधलेले दोन ओढदोर डाव्या व उजव्या अंगाने मागे येतात. शीड उघडायचे असेल तेव्हा गुंडाळदोर सोडून यांपैकी एक ओढतात.

स्थिर आणि फिरते यांमधील सीमा या रचनेत तीन ठिकाणी आहे.

पहिली सीमा तार आणि नळी यांच्यामधील. नळीच्या सांध्यांत प्लास्टिकच्या बुशी बसवलेल्या असतात. त्या तारेला मधोमध धरतात, धातूवर धातू घासू देत नाहीत.

दुसरी सीमा शिडाच्या माथ्याशी. शीड वर चढवणारा दोर, म्हणजे चढवदोर, डोलकाठीतून येतो आणि तो फिरून चालत नाही. शीड मात्र फिरलेच पाहिजे. म्हणून दोहोंच्या मध्ये भोवरकडी असते. गुराने खुंट्याभोवती कितीही फेऱ्या घातल्या तरी दाव्याला पीळ पडू नये म्हणून शेतकरी दाव्यात जी भोवरकडी घालतो, तिचेच हे समुद्रावरील रूप. तिचा वरचा अर्धा भाग चढवदोराला बांधलेला व स्थिर. खालचा अर्धा भाग शिडाला जोडलेला व फिरता.

तिसरी सीमा पायथ्याशी. रीळ फिरते, पण त्याचा आधार नाळेवरील लोखंडी पट्टीला जखडलेला असतो. तारेची लांबी कमीजास्त करणारा टर्नबकल पुष्कळदा याच रिळाच्या पोटात लपलेला असतो. त्याची मळसूत्रे आपोआप सुटू नयेत म्हणून त्यांत बसवलेल्या स्प्लिटपिनांची टोके बाहेर राहिली तर ती फिरत्या रिळाला अडतात. ही टोके थोडीच उघडून वर चिकटपट्टी लपेटणे हे क्षुल्लक वाटणारे काम म्हणूनच विसरता कामा नये. पिन मुळीच न घालणे तर त्याहून घातक; कारण प्रत्येक गुंडाळीसरशी टर्नबकल थोडाथोडा उलगडत जाण्याचा संभव राहतो.

तारेची लांबी आणि ताण

जोडणीपूर्वी पुढच्या तणाव्याची लांबी निश्चित करावी लागते. ही लांबी वरच्या आडव्या खिळीच्या मध्यापासून खालच्या खिळीच्या मध्यापर्यंत मोजतात. गुंडाळीचे साहित्य बसवताना खाली एखादा जोड किंवा पट्टी वाढते आणि तारेची एकूण लांबी नकळत बदलते. हा बदल डोलकाठीच्या कलण्यात उमटतो. साडेसात मीटर उंचीच्या डोलकाठीचा शेंडा एक अंश मागे जाणे म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटर मागे जाणे. डोलकाठी मागे कलली की शिडांवरील दाबाचा मध्यबिंदू मागे सरकतो, होडीची नाळ सतत वाऱ्याकडे वळू पाहते आणि सुकाणू धरणाऱ्याचा हात भरून येतो. जुन्या तणाव्यासह डोलकाठीचा कल किती होता हे आधी मोजून ठेवावे. मुख्य शिडाच्या चढवदोराला वजन बांधून ते ओळंब्यासारखे लोंबू द्यावे आणि पायथ्याशी ते डोलकाठीपासून किती दूर पडते ते नोंदवावे. नवी जोडणी झाल्यावर तेवढेच अंतर आले पाहिजे.

ताणाचा प्रश्न थोडा अधिक विचाराचा आहे. कपडे वाळत घालण्याची दोरी कितीही घट्ट बांधली तरी ओले कपडे टाकताच मध्ये झोल येतो. पुढच्या तणाव्याचेही तेच होते. फरक इतकाच की येथे कपड्यांच्या भाराऐवजी शिडातील वाऱ्याचा भार असतो आणि झोल बाजूला पडतो. एक स्थूल हिशेब पाहता येईल. तणावा ८ मीटर लांब आहे, शीड त्याला दर मीटरमागे ५ किलोग्रॅम इतक्या जोराने बाजूला ओढते आहे आणि तारेत २०० किलोग्रॅमचा ताण आहे, असे समजू. दर मीटरच्या भाराला लांबीच्या वर्गाने गुणून ताणाच्या आठपटीने भागले की मधला झोल मिळतो. तो येथे २० सेंटिमीटर येतो. ताण ४०० किलोग्रॅम केला तर झोल १० सेंटिमीटरवर येईल. ताण कितीही वाढवला तरी तो शून्य मात्र कधीच होणार नाही.

झोल पडला की शीड अधिक पोटाळ होते आणि होडीला वाऱ्याच्या दिशेच्या जवळ राहून पुढे जाणे अवघड होते. गुंडाळीच्या होडीत झोलाचा आणखी एक तोटा आहे. वाकलेल्या तारेभोवती सरळ नळी नीट फिरत नाही. बुशी घासतात व गुंडाळदोर जड जातो. यासाठी तारेच्या तुटण्याच्या मर्यादेच्या साधारण १५ ते २० टक्के इतका ताण आधीच देऊन ठेवण्याचा प्रघात आहे. लहान होड्यांवर वापरतात ती ४ मिलिमीटर व्यासाची, १९ पदरांची न गंजणाऱ्या पोलादाची तार एक टनाहून अधिक भार सोसते. तेव्हा तिला २०० किलोग्रॅमच्या आसपासचा ताण गैर नव्हे. हा ताण पुढच्या टर्नबकलने न देता मागच्या तणाव्याने देणे सोयीचे असते. पुढचा तणावा लांबी ठरवतो आणि मागचा ताण देतो, अशी कामाची वाटणी समजावी.

तारेच्या दोन्ही टोकांना टॉगल, म्हणजे कोणत्याही दिशेला झुकू शकणारा सांधा, असणे आवश्यक आहे. हातातील तार पुन्हापुन्हा एकाच जागी वाकवली की तुटते, हा सर्वांच्या अनुभवातील प्रकार आहे. गुंडाळीचे शीड तणाव्याला एका वळणावर उजवीकडे आणि पुढच्या वळणावर डावीकडे ओढते. सांधा नसेल तर हे सारे वाकणे तारेच्या टोकाशी, जेथे ती धातूच्या नळकांड्यात दाबून बसवलेली असते, त्याच एका ठिकाणी होते. तार तेथेच थकते.

डोलकाठी उभारणे

ज्या होड्या गाडीमागे जोडून रस्त्याने नेतात, त्यांच्या मालकाला ही सारी जोडणी वारंवार स्वतःच करावी लागते. अमेरिकेतील कॅटालिना २२ ही होडी याचे उत्तम उदाहरण आहे. फ्रँक बटलर यांनी आराखडा केलेली ही होडी १९६९ पासून कॅलिफोर्नियात बांधली जाऊ लागली, आणि तिच्या १५,०००हून अधिक होड्या पाण्यात उतरल्या. सुमारे साडेसहा मीटर लांबीची ही होडी मूळची आकड्यांच्या शिडाची. परंतु तिच्या असंख्य मालकांनी मागाहून गुंडाळीचे साहित्य बसवले. तिची डोलकाठी डेकवरील बिजागरीत एका आडव्या खिळीवर फिरते. प्रवासात ती शेंडा मागे करून आडवी असते आणि पाण्याच्या कडेला आल्यावर पुढे ओढून उभी करतात.

क्रम असा असतो. प्रथम आसपास वर पाहावे. विजेच्या तारा कोठून जातात हे पाहिल्याखेरीज डोलकाठीला हात लावू नये. ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि पोलादी तणावे उत्तम विद्युतवाहक आहेत, आणि अशा अपघातांत होडी उभारणारेच नव्हे तर तिला नुसता हात लावून उभे असलेलेही प्राणास मुकले आहेत. नंतर मागचा तणावा आणि बाजूचे तणावे आपापल्या जागी जोडावेत. त्यांना पीळ पडलेला नाही आणि टर्नबकल डेकच्या फटीत अडकून वाकलेले नाहीत हे पाहावे. मग डोलकाठी उचलावी. ती उभी होताच तिला पुढे धरून ठेवणारे काही नसते, कारण पुढचा तणावा सर्वांत शेवटी जोडला जातो. ही मधली काही मिनिटे खरी जोखमीची. एखाद्याने हाताने धरून ठेवावे आणि दुसऱ्याने खीळ घालावी, यावर भिस्त ठेवू नये. मुख्य शिडाचा किंवा दुसरा एखादा मोकळा चढवदोर आधीच नाळेवर पक्का बांधून घ्यावा. डोलकाठी त्याच्या आधारावर राहिली की गुंडाळीचे रीळ सावकाश जागी आणून खीळ घालता येते.

गुंडाळीमुळे या कामात एक अडचण वाढते. नुसती तार गुंडाळून बाजूला ठेवता येते. नळी मात्र लांब, जड आणि कडक असते. डोलकाठी वर जात असता तिचे खालचे टोक डेकवर आपटते किंवा मध्येच वाकते. वाकलेली ॲल्युमिनियमची नळी सरळ केली तरी पूर्ववत फिरत नाही. म्हणून नळीच्या खालच्या टोकाशी एक माणूस केवळ ती सांभाळण्यासाठी असावा.

चढवदोराचा कोन

गुंडाळीच्या जोडणीतील सर्वांत घातक दोष जमिनीवरून पाहताना दोष वाटतच नाही. शीड चढवले, दोर ताणला, सारे ठाकठीक दिसले. आणि तरीही गुंडाळताना रीळ अर्ध्यात अडते. कारण शेंड्याशी असते.

चढवदोर तणाव्याच्या अगदी लगत, त्याला समांतर उतरत असेल, तर भोवरकडीच्या वरच्या भागाला स्थिर धरून ठेवणारे काहीच उरत नाही. भोवरकडीत थोडेसे घर्षण असतेच. शीड फिरू लागले की त्या घर्षणाने वरचा भागही फिरू लागतो आणि चढवदोर नळीभोवती वेल चढावा तसा लपेटला जातो. एक-दोन वेढे पडले की दोर आवळतो आणि शेंडा जखडतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला हे दिसत नाही. त्याला एवढेच कळते की दोर जड झाला. तो अधिक जोर लावतो. चरखीची मदत घेतली तर तो जोर अनेक पटींनी वाढतो. खालून नळी फिरते, वरून ती अडलेली असते. अशा वेळी हा पीळ नळीपुरता न राहता आतल्या तारेत शिरतो. १९ पदरांची तार म्हणजे एका पदराभोवती ६ आणि त्यांच्याभोवती १२ पदर गुंफलेले असतात. उलट पीळ बसला की हे पदर उलगडून एकमेकांपासून सुटतात, काही पदरांवरच सारा भार येतो, आणि एकेक पदर तुटत तणावा वरच्या टोकाशी निकामी होतो. तो तुटेपर्यंत नळीच्या आत काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही.

उपाय सोपा आहे. भोवरकडी नळीच्या माथ्याजवळ पोहोचली असता चढवदोर तणाव्यापासून सुमारे ८ ते १० अंशांनी फाकून डोलकाठीकडे गेला पाहिजे. एवढा कोन असला की दोराचा तिरका ओढ भोवरकडीचा वरचा भाग जागीच धरून ठेवतो. शेंड्यावरील कप्पी तणाव्याच्या फार जवळ असेल तर डोलकाठीच्या पुढच्या अंगावर थोडे खाली एक कडे बसवून त्यातून चढवदोर ओवतात. मग तो मागे खेचला जाऊन कोन मिळतो. शीड आखूड असल्यामुळे भोवरकडी शेंड्यापासून फार खाली राहत असेल, तर वरचा मोकळा दोर लांब राहतो आणि वेढे पडण्याचा धोका वाढतो. अशा शिडाच्या माथ्याला योग्य लांबीचा तारेचा तुकडा जोडून भोवरकडी वर न्यावी. मात्र ती नळीच्या टोकावरून बाहेर निसटणार नाही याची खात्री करावी. काही लहान होड्यांच्या रचनेत चढवदोर नळीच्या अंगातच राहतो आणि तिच्यासोबत फिरतो; तेथे हा दोष संभवत नाही.

यावरून एक नियम निघतो आणि तो अपवादाविना पाळावा. गुंडाळदोर जड गेला तर जोर लावू नये. थांबावे, वर पाहावे, शीड थोडे उघडून पुन्हा प्रयत्न करावा. जे हाताने फिरत नाही ते चरखीने फिरवू नये.

शीड आणि गुंडाळदोर

आकड्यांचे जुने शीड आहे तसे गुंडाळीवर चालत नाही. आकडे काढून तेथे खोबणीत बसणारी फीत शिवावी लागते. खाली रीळ आणि वर भोवरकडी यांनी जागा व्यापल्यामुळे शिडाची अग्रकड पूर्वीपेक्षा आखूडही करावी लागते. होडी धक्क्याला असता शीड गुंडाळलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने उन्हात राहते, आणि सूर्यकिरणांनी पॉलिएस्टरचे कापड जीर्ण होते. म्हणून शिडाच्या मागच्या व खालच्या कडेला जाड कापडाची पट्टी शिवतात. गुंडाळी मिटल्यावर हीच पट्टी बाहेर राहून आतील शिडाला झाकते. ती शिडाच्या कोणत्या बाजूला शिवली आहे हे पाहूनच गुंडाळी डावीकडे फिरवायची की उजवीकडे हे ठरवावे आणि त्याप्रमाणे रिळावर दोर विरुद्ध दिशेने भरावा. दिशा चुकली तर पट्टी आत जाते आणि शीड उन्हात उघडे पडते.

शीड पूर्ण उघडे असते तेव्हा रीळ दोराने भरलेले असते. शीड मिटले की रीळ रिकामे होते. तथापि ते अगदी रिकामे होईल इतका थोडा दोर कधीही भरू नये. जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळले जाते आणि तेच शीड मिटवायला नेहमीपेक्षा अधिक वेढे लागतात. शीड मिटल्यावर ओढदोरांचे दोन-तीन वेढे त्यावर पडावेत, आणि त्यानंतरही रिळावर काही वेढे शिल्लक राहावेत. दोर रिळातून काटकोनात आणि रिळाच्या मध्यउंचीवर बाहेर पडेल अशी पहिली कप्पी बसवावी, नाहीतर तो एका बाजूला साचतो आणि वेढ्यांखाली वेढे अडकतात. शीड उघडतानाही गुंडाळदोर एकदम मोकळा सोडू नये. हातात किंचित रोखून धरला म्हणजे तो रिळावर नीट बसतो. मिटताना ओढदोर थोडा ताणलेला असावा, म्हणजे गुंडाळी ढिली होत नाही. वारा फार असेल तर होडी वाऱ्याच्या दिशेने वळवून पुढचे शीड मुख्य शिडाच्या आडोशाला आणावे. तेथे त्यातील जोर ओसरतो आणि ते हाताने मिटते.

अर्धे गुंडाळलेले शीड काम देते, पण त्यालाही मर्यादा आहे. गुंडाळीत कापड कडांशी अधिक घट्ट लपेटले जाते आणि मधला भाग पोटाळ राहतो. साधारण एक-तृतीयांश शीड गुंडाळेपर्यंत त्याचा आकार उपयोगी असतो. त्यापुढे ते होडीला पुढे नेण्यापेक्षा बाजूला अधिक रेटते.

न दिसणाऱ्या तारेची तपासणी

उघड्या तणाव्यावर होडीत येता-जाता नजर पडते, हात फिरतो. गुंडाळीने तणावा नळीत झाकला, आणि सोयीबरोबरच ही नकळत होणारी देखरेख संपली. म्हणून ती आता मुद्दाम करावी लागते. वर्षातून एकदा तारेची दोन्ही टोके उघडी करून पाहावीत. टोकाच्या नळकांड्यातून तपकिरी डाग उतरत असेल तर तो केवळ वरवरचा गंज समजू नये. न गंजणारे पोलाद मोकळ्या हवेत स्वतःवर एक संरक्षक थर धरते. खारे पाणी साचलेल्या अरुंद फटीत प्राणवायू पोहोचत नाही आणि हा थर टिकत नाही. खालच्या टोकाशी असे पाणी साचते, म्हणून तेथे अधिक लक्ष द्यावे. तारेवर चिंधी फिरवावी. तुटलेला पदर असेल तर ती अडकते. एकही पदर तुटलेला आढळल्यास तार बदलावी. तसे काही न आढळले तरी १० ते १५ वर्षांनी तणावे बदलण्याचा प्रघात आहे. उष्ण व खाऱ्या हवेत हा काळ कमी धरणे शहाणपणाचे.

इतके करूनही पुढचा तणावा चालत्या होडीत तुटलाच, तर पहिल्या काही क्षणांत काय केले जाते यावर डोलकाठीचे राहणे न राहणे अवलंबून असते. होडी तत्काळ वाऱ्याच्या दिशेने वळवावी, म्हणजे वाऱ्याचा जोर डोलकाठीला पुढे रेटील आणि शाबूत असलेला मागचा तणावा तिला धरील. मुख्य शिडाचा दोर ढिला करावा, कारण तो डोलकाठीला मागे खेचत असतो. पुढचे शीड मात्र उतरवू नये व गुंडाळूही नये. त्या घडीला शिडाची कड आणि तिचा चढवदोर हेच तणाव्याचे काम करीत असतात. मग एखादा मोकळा चढवदोर नाळेवर नेऊन घट्ट बांधावा आणि जवळच्या बंदराकडे वळावे.

होडी दीर्घकाळ सोडून जाताना गुंडाळलेल्या शिडावर एक स्वतंत्र बंद बांधावा, रीळ जखडावे आणि चढवदोराचा ताण थोडा कमी करावा. वादळाचा इशारा असेल तर शीड नळीवरून पूर्ण उतरवून ठेवावे. गुंडाळी सुटून उघडलेले शीड वादळात फडफडत स्वतः तर फाटतेच. शिवाय त्याचे हिसके तणाव्याला आणि डोलकाठीला बसतात, व ते थांबवायला त्या वेळी होडीवर कोणी नसते.